नकोसा भाचा

टीकाकार : लोकप्रिय कार्टून मालिका थकायला लागली की तिच्यात एक नवं पिल्लू आणून सोडायचं आणि ते नायकाच्या नात्यातलं आहे असं सांगून टाकायचं, ही अमेरिकी दूरचित्रवाणीची जुनी रीत. तिचं सगळ्यांत बदनाम उदाहरण म्हणजे स्क्रॅपी-डू. हॅना-बार्बेरा स्टुडिओची ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ १९६९ साली सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. चार तरुण, एक भित्रा कुत्रा, एक रंगीबेरंगी व्हॅन आणि शेवटी भुताच्या मुखवट्याआड सापडणारा एखादा लबाड माणूस, एवढ्या भांडवलावर ती वेगवेगळ्या नावांनी दहा वर्षं तगली. १९७९मध्ये, तोवर ती एबीसीवर गेलेली असताना, बंद पडण्याची वेळ आली आणि स्कूबीच्या बहिणीचा मुलगा म्हणून स्क्रॅपी दाखल झाला. आकाराने लहान, तोंडाने मोठा, समोर राक्षस दिसला की मुठी आवळून त्याच्या अंगावर धावणारा. त्याच्या आगाऊपणाबद्दल माझी तक्रार नाही, आगाऊ पात्रं गोड वाटू शकतात. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. या मालिकेतला सगळा विनोद भीतीवर उभा आहे. त्या चौघांतला शॅगी आणि कुत्रा स्कूबी घाबरतात, पळतात, पळता पळता चुकून सापळ्यात जातात आणि त्यातूनच रहस्य उलगडतं. अशा गोष्टीत भीतीच ठाऊक नसलेलं पात्र मध्यभागी आणून बसवलं की तिचा पाया खचतो. प्रेक्षकांनी त्याला नाकारलं ते याच कारणाने, आणि पुढे निर्मात्यांनी त्याला बाजूला केलं यात मला काहीही गैर वाटत नाही.

कैवारी : पाया खचला असता तर मालिका कोसळायला हवी होती. झालं उलटं. स्क्रॅपीच्या पहिल्या भागाची संहिता लिहिणाऱ्या मार्क इव्हॅनियरने पुढे या पात्राच्या जन्माची हकिकत सविस्तर लिहिली आहे. बंद होऊ घातलेली मालिका नेटवर्कने पुढे चालू ठेवली ती या पिल्लाच्या भरवशावर, हे तिच्यातून स्पष्ट दिसतं. म्हणजे आज ज्यांना स्क्रॅपीशिवायचा स्कूबी प्रिय आहे, त्यांच्यापर्यंत स्कूबी पोचला यात स्क्रॅपीचा वाटा आहे. आता तुमच्या रचनेच्या मुद्द्याकडे येतो. भीतीचा विनोद त्याने मोडला नाही, त्याची दिशा बदलली. पूर्वी स्कूबी आणि शॅगी फक्त स्वतःचा जीव वाचवायला पळत. स्क्रॅपी आल्यावर त्यांना ज्या भुतापासून पळायचं त्याच्याकडेच परत जावं लागतं, कारण भाचा तिथे मुठी उगारून उभा आहे. हातात धरून उचललेलं पिल्लू, त्याचे हवेतच धावणारे पाय आणि त्याला कवटाळून सुसाट सुटलेला मामा हे दृश्य त्या काळच्या भागांत वारंवार येतं, आणि त्यात स्कूबी पहिल्यांदाच कुणासाठी तरी घाबरतो. भित्र्या माणसावर जबाबदारी पडली तर काय होतं, हा काही कमी प्रतीचा विनोद नाही.

टीकाकार : तुम्ही जे गुण म्हणून सांगता तेच मला नुकसान वाटतं. या मालिकेत मूल कोण होतं याचा विचार करा. स्कूबीच मूल होता. अंधाराला घाबरणारा, सतत भुकेला, खाऊचं आमिष दाखवल्यावर नको ते काम करायला तयार होणारा, धड बोलता न येणारा आणि तरीही सगळ्यांचा लाडका. समोर बसलेल्या पाचसहा वर्षांच्या प्रेक्षकाला त्याच्यात स्वतःला पाहता येत होतं, आणि मोठ्यांच्या टोळीत आपण घाबरट असलो तरी आपल्याला जागा आहे, असा दिलासा मिळत होता. त्याच्या शेजारी दुसरं मूल आणून बसवल्याबरोबर स्कूबी पालक झाला. प्रेक्षकातल्या लहान मुलाची जागा त्या पिल्लाने घेतली, आणि त्या नव्या जागेवर बसायचं तर मुलाला शूर असणं भाग पडलं. भित्र्या मुलाला आपलंसं करणारी मालिका धीट मुलाचं कौतुक करू लागली. हे झालं पहिल्या वर्षाचं. १९८०पासून तर सात-सात मिनिटांच्या छोट्या गोष्टी सुरू झाल्या आणि त्यांतून फ्रेड, वेल्मा आणि डॅफ्नी हे बाकीचे तिघंही तरुण गेले. राहिले शॅगी, स्कूबी आणि स्क्रॅपी. संशयित नाहीत, पुरावे नाहीत, मुखवटा ओढण्याचा क्षणही उरला नाही, कारण आता समोर येणारी भुतं बहुतेक खरीच होती. एक पात्र आलं आणि तीन पात्रं व एक कथाप्रकार घेऊन गेलं. प्रेक्षकाचा राग त्याच्यावर निघाला तर त्यात नवल ते काय?

कैवारी : मुलाच्या जागेबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यावर मला थांबावं लागेल, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण १९८०चा हिशोब तुम्ही चुकीच्या नावावर मांडताय. पहिल्या वर्षी, म्हणजे १९७९च्या भागांमध्ये, स्क्रॅपीबरोबर ते तिघंही होते. रहस्यही होतं, मुखवटेही होते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात याचा तो पुरावाच आहे. सात मिनिटांत पाच माणसं, तीन संशयित आणि एक उलगडा बसत नाही. तिघांना घालवलं ते या मापाने, आणि ते माप ठरवलं वाहिनीने व स्टुडिओने. पडद्यावर त्या निर्णयाचा चेहरा स्क्रॅपीचा दिसला, एवढाच त्याचा दोष. याची उलटतपासणीही करता येते. १९७६मध्ये स्कूबी-डम नावाचा स्कूबीचा एक चुलतभाऊ आणला होता, बावळट आणि संथ. तो काही थोर पात्र नव्हता, पण त्याच्याविषयी स्क्रॅपीइतका द्वेष साचला नाही, कारण तो मोजक्या भागांत आला आणि कुणाची जागा न घेता गेला. खऱ्या भुतांबद्दल बोलायचं तर १९९८चा ‘स्कूबी-डू ऑन झोंबी आयलंड’ पाहा. त्यात झोंबी खरे आहेत आणि जुन्या चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे अस्सल भूत हा अपराध नव्हता, तिघांची गैरहजेरी हा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

टीकाकार : प्रेक्षकाला निर्णय दिसत नाही, पात्र दिसतं. पडद्यामागे कोण काय ठरवतं हे शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या मुलाने शोधून काढावं, ही अपेक्षा अवाजवी आहे. तरीही नव्या पात्राला सरसकट विरोध करायची माझी इच्छा नाही. त्यासाठी एक कसोटी सुचवतो, आणि ती हॅना-बार्बेराच्याच ‘द फ्लिन्टस्टोन्स’वर लावून दाखवतो. १९६० ते १९६६ चाललेल्या त्या मालिकेत दोन वेळा मोठी भर पडली. १९६३मध्ये फ्रेड आणि विल्माला पेबल्स ही मुलगी झाली, आणि त्याच वर्षी शेजारच्या बार्नी-बेटीने बॅम-बॅमला दत्तक घेतलं. १९६५मध्ये, शेवटच्या हंगामात, झेटॉक्स ग्रहावरून हद्दपार झालेला ग्रेट गाझू हा हिरवा, जादुई परग्रहवासी आला. पेबल्स टिकली, गाझू आजही मालिकेच्या घसरणीची खूण म्हणून सांगितला जातो. फरक कुठे पडला? पेबल्सने जुन्या पात्रांकडून नवं काम करून घेतलं. आरडाओरडा करणारा फ्रेड बाप झाला, बेटी आणि बार्नीची मूल नसल्याची खंत गोष्टीत आली. गाझूने जुन्या पात्रांचं काम काढून घेतलं. पगार, मालक, सासू, शेजारी या अडचणींतून फ्रेड धडपडत वाट काढायचा, तिथे आता जादू होऊ लागली. नवं पात्र जुन्यांना आणखी काही करायला लावतं की त्यांच्या हातचं काम हिसकावतं, यावर त्याचं भवितव्य ठरतं. स्क्रॅपी दुसऱ्या गटात पडतो.

कैवारी : कसोटी चांगली आहे, मी ती घेतो. पण तिने स्क्रॅपीचा निकाल इतका सरळ लागत नाही. शॅगी आणि स्कूबीच्या बाबतीत तो पेबल्ससारखा आहे, त्याने त्यांना पालकत्व दिलं. फ्रेड, वेल्मा आणि डॅफ्नीच्या बाबतीत तो गाझूसारखा ठरला, तोही त्याच्यामुळे नव्हे, मापामुळे. आणि काम हिसकावणारा नेहमीच नाकारला जातो हेही खरं नाही. ई. सी. सीगरची ‘थिंबल थिएटर’ ही चित्रमालिका १९१९पासून वर्तमानपत्रात येत होती. तिच्यात ऑलिव्ह ऑइल होती, तिचा भाऊ कॅस्टर होता आणि हॅम ग्रेव्ही नावाचा तिचा प्रियकर होता. दहा वर्षांनी, १९२९मध्ये, बोटीच्या कामापुरता एक खलाशी आला. त्याने आधी गोष्ट घेतली, मग हॅमची जागा घेतली, मग ऑलिव्हलाही घेतलं आणि शेवटी मालिकेलाच त्याचं नाव मिळालं. तो पपाय. त्याच्याइतकं इतरांचं काम कुणीही हिसकावलेलं नाही. तरी हॅम ग्रेव्हीसाठी आज कुणी हळहळत नाही, कारण पपायआधीची मालिका ज्यांना आपली वाटत होती ते वाचक आता उरले नाहीत. म्हणजे उपरा कोण, हे आपण कोणत्या वर्षी आत शिरलो यावरही ठरतं. तुमच्या कसोटीत हा काळाचा भाग सुटला आहे.

टीकाकार : पपायला जागा मिळाली ती त्याच्या ताकदीवर. त्याला कुणी नातेवाईक म्हणून घुसवलं नव्हतं. नात्याची युक्ती मला खटकते ती इथेच. नवं पात्र स्वतःच्या बळावर आवडायला वेळ लागतो, आणि तेवढा धीर निर्मात्याजवळ नसतो. म्हणून तो भाचा, पुतण्या, चुलतभाऊ अशी चिठ्ठी त्याच्या गळ्यात अडकवतो. नातं सांगितलं की ओळख करून द्यावी लागत नाही आणि प्रेक्षकाकडून मायेची उधारी आपोआप मिळते. डोनाल्ड डकचे भाचे ह्यूई, ड्यूई आणि लुई १९३७मध्ये वर्तमानपत्री चित्रमालिकेत आणि पुढच्या वर्षी पडद्यावर आले. पडद्यावर, डोनाल्डच्या बहिणीने मुलं पाठवून दिली, एवढंच कारण दिलं गेलं. ती आई पुढे कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. एरियल डॉर्फमन आणि आर्मांड माटेलार यांनी १९७१मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या डोनाल्ड डकवरच्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं. या जगात मामा-भाचे आहेत, आईबाप नाहीत. जन्म नाही, म्हणून कुणाच्या असण्याला मूळ नाही. त्यांचा रोख राजकीय होता, पण कथेच्या दृष्टीनेही ते खरं आहे. ज्याला आईबाप नाहीत त्याला केव्हाही आणता येतं.

कैवारी : आणि केव्हाही घालवता येतं. तुमच्या निरीक्षणाचा उरलेला अर्धा भाग हा आहे, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. आणताना नात्याचा आधार घेतला, तर घालवताना त्या नात्याचं काहीतरी देणं लागतं. घालवण्याच्याही रीती असतात. १९८८मध्ये ‘अ पप नेम्ड स्कूबी-डू’ने सगळ्या टोळीला बालपणात नेलं. स्क्रॅपीचा जन्मच झालेला नाही, मग तो नसण्याचं कारण सांगायची गरज उरली नाही. ही रीत मला मान्य आहे, तिने कुणाचा अपमान होत नाही. पण २००२च्या चित्रपटाने काय केलं ते आठवा. जेम्स गनची पटकथा आणि राजा गॉस्नेलचं दिग्दर्शन. त्यात एका आठवणीच्या प्रसंगात स्क्रॅपी नेतृत्व मागतो, बीभत्स वागतो आणि टोळी त्याला वाळवंटात रस्त्याच्या कडेला सोडून निघून जाते. शेवटी सगळ्या कारस्थानामागे तोच असल्याचं उघड होतं, टाकून दिल्याचा सूड घेणारा खलनायक म्हणून. पुढे ‘मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड’ या मालिकेत संग्रहालयातल्या त्याच्या पुतळ्यापुढे डॅफ्नी थांबते तेव्हा, त्याच्याबद्दल बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, याची आठवण फ्रेड तिला करून देतो. ज्या घराने त्याला जन्म दिला, वर्षानुवर्षं मालिकेच्या नावात मिरवलं, त्याच्या नावावर खेळणी विकली, त्याच घराने त्याचा तिरस्कारही विकायला काढला. स्टुडिओची जबाबदारी त्यात कुठेच दिसत नाही. ती सगळी एका काल्पनिक पिल्लाच्या स्वभावावर ढकलली गेली.

टीकाकार : रेखाटलेल्या पिल्लाला वेदना होत नाहीत. त्याला खलनायक केलं म्हणून अन्याय झाला असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. शिवाय त्या चित्रपटात मला एक प्रामाणिकपणा दिसतो. प्रेक्षकाला जे वाटत होतं ते निर्मात्यांनी मान्य केलं, आमचं चुकलं हे गोष्टीच्या भाषेत सांगितलं. गुपचूप गायब करण्यापेक्षा हे बरं नाही का? ‘द सिम्पसन्स’नेही १९९७मध्ये पूची नावाचा कुत्रा आणून हाच विषय हाताळला. ‘इची अँड स्क्रॅची’ या गोष्टीतल्या कार्टूनमध्ये नवा, अति धीट, अति आधुनिक कुत्रा घुसवतात, प्रेक्षक कंटाळतात, आणि तो आपल्या ग्रहावर परतताना मेला अशी सूचना लावून त्याला संपवतात. ‘द सिम्पसन्स’ने भागांच्या संख्येत ‘द फ्लिन्टस्टोन्स’ला मागे टाकलं ते त्याच भागाने. दीर्घायुषी मालिकेने आपल्या दीर्घायुष्याकडे निर्भयपणे पाहावं ते असं.

कैवारी : पूचीचं उदाहरण तुम्ही दिलंत हे चांगलं झालं, कारण दोन्हींमधला फरक त्यातच आहे. पूचीच्या भागात त्याला घडवणारी बैठकच दाखवली आहे. अधिकारी टेबलाभोवती बसून त्याला एकेक गुण चिकटवतात, कुणाला त्याचा चश्मा हवा असतो, कुणाला त्याची ऐट. लोकप्रियता ओसरत असल्याच्या भीतीतून नवी पात्रं जन्मतात, हे सिम्पसन कुटुंबातली लीसा स्पष्ट बोलून दाखवते. तिथे दोषी कोण हे प्रेक्षकाला दिसतं. २००२च्या चित्रपटात बैठक नाही, वाहिनी नाही, सात मिनिटांचं माप नाही. आहे फक्त एक दुष्ट पिल्लू. तुम्ही त्याला कबुली म्हणता, मी त्याला कबुली टाळणं म्हणतो. वेदनेचं म्हणाल तर चित्राला ती होत नाही हे कबूल. पण १९८० साली पाच वर्षांचं असलेल्या मुलाने स्कूबीला पहिल्यांदा पाहिलं तेच भाच्यासकट. त्याला ‘आधीचा’ स्कूबी ठाऊकच नव्हता. पुढे मोठ्या झालेल्या चाहत्यांनी ठरवलं की तो काळ लाजिरवाणा होता, आणि कंपनीने त्या निकालावर शिक्का मारला. एका पिढीच्या बालपणाला मालकानेच हास्यास्पद ठरवलं. इजा झाली असेल तर ती इथे.

टीकाकार : ही तुमची सगळ्यांत भक्कम बाजू आहे. पात्राचा दोष आणि पात्राला दिलेल्या जागेचा दोष मी आतापर्यंत एकच धरत होतो, ते वेगळे करायला हवेत. स्क्रॅपीबाबत जागेचा दोष अधिक होता, एवढं मी मानतो. पण मग उपाय काय सांगाल? त्याला परत आणायचं? डोनाल्डच्या त्याच भाच्यांवरच्या २०१७च्या ‘डकटेल्स’ने डागडुजीचा मार्ग घेतला. १९८७च्या मालिकेतली वेबी ही बाहुली घेऊन फिरणारी, मुलांच्या साहसात मागे राहणारी मुलगी होती आणि अनेकांना ती अडगळ वाटायची. नव्या मालिकेत ती सगळ्यांत उत्सुक आणि धाडसी झाली. भाच्यांची हरवलेली आई डेला चंद्रावर अडकून पडली होती असं दाखवून ऐंशी वर्षांच्या मौनालाही उत्तर दिलं. काम सुंदर झालं, पण नीट पाहा, नव्या वेबीत जुन्या वेबीचं नावाखेरीज फार थोडं उरलं. ज्या मुलीला ती बाहुलीवाली, हळवी वेबीच आवडत होती, तिला या डागडुजीने काय सांगितलं? तू चुकीच्या मुलीवर प्रेम केलंस, हेच ना? सुधारणा हीसुद्धा सौम्य शब्दांत दिलेली नापसंती असते. आणि ‘डकटेल्स’ला हे जमलं ते पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात केल्यामुळे. स्कूबीची टोळी मात्र आपण १९६९पासून तीच आहोत असं भासवत आली आहे. तिच्या बाबतीत स्क्रॅपीला सुधारणं म्हणजे तो पूर्वी तसा नव्हताच असं सांगणं.

कैवारी : हा आक्षेप मी झटकू शकत नाही. स्क्रॅपीला पुन्हा व्हॅनमध्ये बसवा असा माझा आग्रहही नाही. मला एवढंच हवं आहे की वगळणं आणि दोषी ठरवणं या दोन कृती वेगळ्या मानल्या जाव्यात. प्रेक्षकाला नको असलेलं पात्र थांबवण्याचा हक्क निर्मात्याला आहे, पण आपल्या निर्णयाची लाज त्या पात्राच्या अंगावर टाकण्याचा नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या : १९८०पासून स्कूबी आणि स्क्रॅपी या दोघांनाही आवाज एकाच माणसाने, डॉन मेसिकने दिला. चाहत्यांनी मामा आणि भाचा यांच्यात जी सीमा आखली, ती कामाच्या जागी नव्हती. लिहिणारे, रेखाटणारे, बोलणारे तेच होते.

टीकाकार : मग आपला मतभेद आता एका बिंदूवर येतो. मी मालिकेचं मोजमाप तिच्या मूळ रचनेवरून करतो, कारण काहीतरी मूळ मानलं नाही तर बिघाड हा शब्दच निरर्थक होतो. तुम्ही ते करता वेगवेगळ्या वर्षी आत आलेल्या प्रेक्षकांवरून. मूळ मानावं तर मधल्या पिढ्या परक्या ठरतात. प्रत्येक पिढीचा हक्क मानावा तर काहीही घुसवलेलं कालांतराने पवित्र होतं, आणि त्यासाठी फक्त कुणाचं तरी बालपण त्यात जावं लागतं. पुढचा स्टुडिओ या उदारपणाचा फायदा घेईल, याची मला खात्री आहे.

कैवारी : फायदा ते दोन्हीकडून घेतात. मूळ शुद्ध ठेवण्याच्या नावाखाली जुन्या चाहत्याला तेच ते विकतात, नव्या पिढीच्या नावाखाली नवं पिल्लू विकतात, आणि दोघांचं भांडण लागलं की ते भांडणही विकतात. म्हणून मला वाटतं, या पात्रांबद्दल बोलताना पहिला प्रश्न ‘ते आवडतं की नाही’ हा नसावा. ते कोणत्या अडचणीत, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाची जागा रिकामी करून आणलं गेलं, हा असावा. त्याचं उत्तर मिळाल्यावरही तुमचा प्रश्न शिल्लक राहतो. जिच्यात तीन पिढ्यांची बालपणं गेली आहेत, ती मालिका त्यांतल्या कुणाशी प्रामाणिक राहणार? तिघांशी एकाच वेळी राहता येईल असं मला आज तरी दिसत नाही. पण एकाची निवड करताना उरलेल्या दोघांना मूर्ख ठरवायची गरज नसते, एवढं मला ठाम वाटतं.